फणसाचा पलंग

शनिवारी दुपारी ट्रॅव्हल्सच्या गाडीने काळाचौकीच्या नाक्यावर पलंग उतरवला, तेव्हा हितेंद्र घाडीला मनापासून आनंद झाला. तो आनंद दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकला.

पलंग सासऱ्यांनी गावाहून पाठवला होता. हितेंद्रच्या बायकोचा, अक्षदाचा जन्म झाला त्या वर्षी भिवा नेमळेकरांनी परसात एक फणस लावला होता. तीस-बत्तीस वर्षं फळं देऊन तो म्हातारा झाला, तसा भिवांनी तो उतरवला, त्याच्या जागी तीन रोपं लावली आणि गावच्या सुताराकडून लेकीसाठी पलंग करून घेतला. पिवळाधमक, गुळगुळीत, डोक्याकडच्या फळीवर फणसाची पानं कोरलेला. हमालांनी तो जिन्यातून वर चढवला, तेव्हा चाळीतली निम्मी माणसं गॅलरीत आली होती.

त्यांत कुशाबा होते. कुशाबा पूर्वी कोर्टात पट्टेवाले होते. त्यामुळे कायदा त्यांना अर्धाच माहीत होता, पण खात्री मात्र पूर्ण असायची. त्यांनी पलंगावरून बोट फिरवलं आणि सहज विचारलं, "पास आहे ना?"

"कसला पास?"

"वाहतुकीचा! झाड तोडलं, लाकूड जिल्ह्याबाहेर आणलं. फॉरेस्टवाले विचारणार नाहीत? तू तर त्याच लायनीत ना रे?"

हितेंद्रने पलंगावर टेकलेला हात काढून घेतला. तो खरोखरच त्याच लायनीत होता. दादरच्या एका संस्थेत तो नोकरीला होता आणि संस्थेचं कामच मुळी लाकडाबद्दल होतं. शेतकऱ्यांनी झाडं लावावीत, वाढवावीत, वेळ झाली की तोडावीत, पुन्हा लावावीत. आणि लोकांनी जंगलातलं चोरटं लाकूड सोडून हे लाकूड घ्यावं. हितेंद्र महिन्यातून दोनदा रे रोडच्या वखारींमधून फिरायचा आणि व्यापाऱ्यांना समजावून सांगायचा, "शेठ, झाड हवेतला कार्बन ओढून घेतं. त्या झाडाचा पलंग केला, तर तो कार्बन पलंगातच राहतो. पण लाकूड कायद्याचं हवं. कागद नसतील तर माल जप्त, वर गुन्हा दाखल."

शेवटचं वाक्य तो जरा आवाज चढवून म्हणायचा. त्या वाक्याने व्यापाऱ्यांचे चेहरे उतरायचे, ते बघायला त्याला बरं वाटायचं. आता तेच वाक्य त्याच्याच आवाजात त्याच्या कानात घुमायला लागलं.

"अगं, आबांनी काही कागद दिलाय का गं?" त्याने अक्षदाला विचारलं. ती परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. जगात घाबरण्यासारखं काय असतं आणि काय नसतं, याचा तिला रोजचा अनुभव होता.

"आबा सगळं नीट करतात रे. चादर घाल आणि गप झोप."

हितेंद्र झोपला, पण चादरीखाली चोरीचा माल आहे अशी त्याची पाठ समजूत करून बसली होती. कूस बदलली की पलंग कुरकुरे, आणि हितेंद्र उठून दाराची कडी बघून येई.

सकाळी अक्षदा ड्युटीवर गेल्या गेल्या त्याने सासऱ्यांना फोन लावला. बऱ्याच खटपटीनंतर लागला. पलीकडे वारा, हॉर्न आणि त्या सगळ्यातून भिवांचा खणखणीत मालवणी आवाज.

"आबा, पलंगाचा पास आहे का?"

"पास नाय..." खर्रर्र... "...फॉरेस्टवालो..." खर्रर्र... "...आज येता तुमच्याकडे... पलंग..." आणि फोन कट.

पुन्हा लावला. 'संपर्क क्षेत्राबाहेर.'

हितेंद्र मटकन पलंगावर बसला आणि चटका बसल्यासारखा उठला. पास नाही. फॉरेस्टवाला येतोय. आज! त्याच्या डोळ्यांपुढे रे रोडचे सगळे व्यापारी एका रांगेत उभे राहिले. संस्थेचा माणूसच सापडला म्हटल्यावर नोकरी गेली. संस्थेचं नाव पेपरात. इतक्या वर्षांत ज्या शेतकऱ्यांना आपण झाडं लावायला लावली ते म्हणणार, हाच बघा तो!

तो धावत कुशाबांकडे गेला.

"घाबरू नको," कुशाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा होता की हितेंद्र जास्तच घाबरला. "पलंग सापडला तर गुन्हा. पण पलंगच नसेल तर? फळ्या काय, कोणाच्याही घरात असतात. खोल तो!"

पलंग खिळ्यांशिवाय, नुसत्या खाचांत बसवलेला होता. तो दहा मिनिटांत मोकळा झाला. मग चाळ कामाला लागली. शेजारच्या जाईबाईंनी मधल्या फळ्या नेल्या आणि मोरीवर आडव्या टाकून त्यांवर हंडा, कळशी, लोणच्याच्या बरण्या मांडल्या. "कोण म्हणेल पलंग? माझ्या सासूच्या वेळेपासून आहेत असं सांगते," त्या म्हणाल्या. चारही खूर कुशाबांनी घेतले, गॅलरीत उभे केले आणि प्रत्येकावर एकेक कुंडी ठेवली. दोन लांब पट्ट्या दोरीने टांगून त्यांवर कोणी गोधड्या वाळत घातल्या.

राहिली डोक्याकडची कोरीव फळी. ती कुठे लपेना. तेवढ्यात मंडळाचा रघू वर आला. गणपती जवळ आले होते आणि खाली मंडपाचं काम चालू होतं.

"दे इकडे," तो म्हणाला. "स्टेजला मागे ठोकतो. देवाच्या पाठीमागे हात घालायची कोणाची हिंमत आहे?"

हितेंद्रला हे फारसं पटलं नव्हतं, पण तोवर रघू फळी घेऊन दोन जिने उतरलासुद्धा.

रिकाम्या खोलीत चटई अंथरून हितेंद्र बसला. चहा पुढ्यातच निवला. कुकरची शिट्टी झाली तरी तो दचके. आता कोणी आलं तर काय बोलायचं, याची त्याने तालीम केली. "पलंग? आम्ही पहिल्यापासून खालीच झोपतो. पाठीला चांगलं असतं." तिसऱ्या वेळी त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत चालला होता, आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

"घाडी कुठे राहतात हो? हितेंद्र घाडी. पलंगासंबंधी आलोय."

हितेंद्र सरपटत गॅलरीच्या कठड्यापाशी गेला आणि फटीतून त्याने खाली बघितलं. खाकी शर्ट, खाकी पँट, पट्टा, बूट. त्याच्या समोर कुशाबा.

"हितेंद्र?" कुशाबा ठामपणे म्हणाले. "या नावाचा कोणी माणूस या चाळीत नाही." आणि मग मान वर करून जिवाच्या आकांताने ओरडले, "हितेंद्र, आले रे ते! पळ!"

पळणार कुठे? जिना एकच, आणि त्यावर बूट वाजायला लागलेले. हितेंद्र गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासात शिरला आणि आतून कडी घालून उभा राहिला. नळाचं थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं, तोही आवाज त्याला पंचनामा लिहिल्यासारखा वाटत होता. बाहेर बुटांचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग जाईबाईंचा थरथरता स्वर ऐकू आला. "साहेब, या फळ्या माझ्या सासूच्या आहेत. तुम्ही काही विचारलं नसताना मी सांगते."

बूट संडासाच्या दाराशी आले. दारावर टकटक झाली. हितेंद्रने डोळे मिटले.

"जावयबापू," दारापलीकडून खणखणीत आवाज आला, "आत आसात? कितको येळ लागतलो?"

हितेंद्रने डोळे उघडले. कडी काढली. समोर धोतर, टोपी, काखेत पिशवी अशा थाटात भिवा नेमळेकर उभे होते आणि त्यांच्या मागे तो खाकीवाला अवघडून हसत होता.

"ह्यो माझो भाचो, सुशांत. फॉरेस्टात आसा. मी टॅक्सीवाल्याक पैसे दिय होतंय, ह्यो फुडे इलो. फोनार सांगलंय मां? पास नाय धाडलंय पलंगाबरोबर, घराकच रवलो. म्हटलां आपणच घेवन जाव. आणि सुशांताक तो पलंग बघूचो होतो. तेचा लगीन ठरलाहा."

सुशांतने खिशातून पास काढून अदबीने पुढे केला. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी होतं. हितेंद्रने तो दोन्ही हातांनी घेतला. त्याला हसू येणार एवढ्यात भिवा खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि आत बघून म्हणाले,

"पलंग खंय?"

आतापर्यंत हितेंद्र सरकारला घाबरत होता. सरकार निदान नोटीस तरी देतं. बत्तीस वर्षं वाढवलेलं झाड लेकीसाठी उतरवणारा बाप दारात उभा राहून पलंग कुठे म्हणून विचारतोय, यावर त्याच्याजवळ कसलीच तालीम नव्हती.

"आबा, तो आहे... चाळीतच आहे. थोडा थोडा."

"थोडो थोडो?"

नेमकी त्याच वेळी अक्षदा ड्युटीवरून परतली. तिने आधी वडिलांना पाहिलं, मग चटई पाहिली, मग नवऱ्याचा चेहरा. नर्स असल्यामुळे तिला सगळं लगेच कळलं.

"हितेंद्र," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "पलंग आण."

मग पलंग यायला लागला. जाईबाईंनी बरण्या उतरवून फळ्या दिल्या, एकीवर लोणच्याच्या तेलाचा गोल उमटला होता. खूर आले, त्यांना कुंड्यांतली माती लागलेली. पट्ट्या आल्या, एका पट्टीला कोणाची तरी उशीची खोळ तशीच होती. सर्वांत शेवटी रघू डोक्याकडची फळी घेऊन वर आला. ती सोनेरी होती. नुसती सोनेरी नाही, ओली सोनेरी.

"मला वाटलं मंडळाला देणगी आहे," रघू म्हणाला.

भिवांनी फळीवरून हात फिरवला. कोरलेल्या पानांवरून बोटं सावकाश गेली, आणि बोटांना सोनेरी रंग लागला. हितेंद्रला वाटलं, आता हा माणूस रडणार. रडला तर आपण या चाळीत, या घरात, या जन्मात पुन्हा मान वर करू शकणार नाही.

भिवांनी बोटं धोतराला पुसली आणि भाच्याकडे पाहिलं.

"ह्येका भियालास?" ते हितेंद्रला म्हणाले. "सुशांताक? अवो, ह्यो अजून पालीक भियाता!"

सुशांत लाजला. अक्षदाच्या हसण्याचा स्फोट झाला, मग जाईबाई हसल्या, मग सगळी गॅलरी. हितेंद्रही हसला, पण एक डोळा सासऱ्यांवर ठेवून. पलंग पुन्हा उभा राहिला. भिवा त्यावर बसले, शेजारी जावयाला बसवलं, आणि पलंग जराही कुरकुरला नाही.

बघता बघता चाळच खोलीत शिरली. हात लावून बघून झाल्यावर सगळ्यांना तसाच पलंग हवा झाला. जाईबाईंना मुलासाठी, रघूला स्वतःसाठी, कोपऱ्यातल्या खोलीतल्या माणसाला दोन. हितेंद्र मनातल्या मनात हिशोब करायला लागला. एवढ्या पलंगांना केवढं रान तोडावं लागेल! त्याची संस्था, त्याची भाषणं, सगळं या खोलीतच बुडणार होतं.

"करून दितंय की," भिवा शांतपणे म्हणाले. "पण परसातलो तयार फणस ह्यो एकच होतो. ल्हान झाड मी तोडूचंय नाय. जेका व्हयो तेच्या नावान ह्या पावसात एक रोप लावतंय. तीस वर्सांनी पलंग घेवन जावा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. रघूने मनातल्या मनात आपलं वय मोजलं आणि तो मंडपाकडे निघाला. कोपऱ्यातल्या खोलीतला माणूस दोनवरून एकवर आला, आणि मग नुसताच आला तसा गेला.

कुशाबा मात्र पुढे झाले. शहात्तर वर्षांचे कुशाबा पलंगाच्या कडेला टेकले, उठले, पुन्हा टेकले.

"माझ्या नावाने एक लावा," ते म्हणाले. "फक्त उंची थोडी कमी ठेवा. माझे गुडघे दुखतात."