कोरी नजर

"मावशी, शुक्रवारपर्यंत आमच्या ॲपकडे ढुंकूनही बघायचं नाही. तुझी नजर कोरी हवी," चप्पल काढता काढताच भाच्याने बजावलं.

"माझीच का रे?"

"कचेरीतल्या सगळ्यांच्या नजरा उष्ट्या झाल्यात. तू पहिल्यांदाच उघडून घरबसल्या नळवाला बोलवायचास. आमच्या मोठ्या मॅडम समोर बसून बघणार. नवख्या माणसाला जमलं तर ॲप राहील. नाहीतर सहा महिन्यांचं काम गुंडाळायचं."

पोराची सहा महिन्यांची मेहनत आपल्या एका बोटावर! मावशीने 'हो' म्हटलं. पण अभ्यास न करता परीक्षेला बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. मंगळवारी तो बाहेर पडताच तिने त्याच्या वहीतला पत्ता पाहून ॲप उघडलं आणि थोरल्या जावेच्या नावाने आत शिरली. जे दिसलं ते ओवीत ओवून ठेवलं:

पहिल्या पायरीला सांगावं नाव,
दुसऱ्या पायरीला घराचा ठाव,
तिसऱ्या पायरीला…

तिसरीवर ती गांगरली आणि पान मिटून मोकळी झाली.

संध्याकाळी भाचा पडक्या चेहऱ्याने आला. "आज एकच नवं माणूस आलं, आणि तिसऱ्या पायरीवरून पळालं. बदलायला हवी."

"कोण मेलं असं दारातून परत जातं!" मावशी कळवळली. जाऊबाईंच्या नावाने गेलेली बाई म्हणजे आपणच, हे काही तिच्या डोक्यात शिरलं नाही.

बुधवारी ती नणंदेच्या नावाने गेली, तर तिसरी पायरी पहिली झालेली. ओवी कोलमडली, मावशीही. गुरुवारी विहीणबाईंच्या नावाने गेली, तर एक हसरा बाहुला बोट नाचवत 'इकडे बघा, तिकडे बघा' करत होता. 'रात्रीत विसरायला लागले की काय मी?' ती धसकली.

त्या संध्याकाळी भाच्याने ताट सरकवलं. डोळे लाल, तीन दिवस पाठ टेकलेली नाही. "रोज एकच माणूस येतं गं, रोज पळतं. मी बदलतो, ते पळतं. सापडलं तर पाय धरीन त्याचे."

मावशीचा घास हातातच राहिला. तोंड उघडेपर्यंत तो पुन्हा कामाला जुंपला होता.

शुक्रवारी कचेरीत मॅडम घड्याळ लावून बसल्या. मावशीने पान उघडलं. पायऱ्या नाहीत, बाहुला नाही. दोनच चौकटी: 'घर कुठे?' आणि 'काय बिघडलंय?'

पाठ केलेलं सगळं वाया! तिने पत्ता लिहिला. मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहिलं: 'भाच्याची झोप. रोज येऊन पळणारी मीच.' आणि बटण दाबलं.

"दीड मिनिट! जमलं की," मॅडम म्हणाल्या, आणि पुढे वाकून वाचू लागल्या.

"मावशी! तिन्ही दिवस तूच?"

"तुझी मान खाली जायला नको म्हणून रे. अभ्यास करत होते."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू काही आवरेना. "अरे, तीन दिवसांत यांनी तुझ्याकडून सगळ्या पायऱ्या काढून घेतल्या. आम्हाला सहा महिन्यांत जमलं नाही ते! ॲप राहतंय. तू आधी घरी जा."

दुपारी दार वाजलं. हातात अवजारांची पिशवी घेऊन नळवाला उभा होता, मोबाईल डोळ्यांजवळ धरून.

"भाच्याची झोप… इथलीच ना? गळतेय कुठे, दाखवा."

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. आत सोफ्यावर, एक पाय खाली लोंबकळत, भाचा घोरत पडला होता.

"हळू बोला," ती कुजबुजली, "दुरुस्त झालीय."