पेडलवरचा पाय

छगनभाऊंच्या गाडीला नवे ब्रेक लागले आणि पेडलचा पार शिरा झाला. गाडी थांबायची, नाही असं नाही. पण पाय ठेवला की पेडल मऊ मऊ होत तळाशी जायचं. मागच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्क बसवल्या होत्या. प्रकाशा गावात अशी गाडी दुसऱ्या कोणाकडे नव्हती. निदान त्यांच्या बायकोनं, जमनाबाईंनी, चौकशी केली तिथवर तरी नव्हती, आणि जमनाबाईंची चौकशी म्हणजे तापीच्या दोन्ही काठांवर.

हा थाट सुनेसाठी होता. भाविका कृषी सहायक झाली होती, नेमणूक धडगावला, उद्या रुजू व्हायचं. आमची सून पहिल्या दिवशी स्वतः गाडी चालवत घाट चढेल आणि आम्ही मागं मिरवत बसू, असं जमनाबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं. बोललेला शब्द आणि सातपुड्याचा घाट, दोन्हीला मधेच मागं फिरायला जागा नसते.

सकाळी छगनभाऊंनी पेडल दाबून पाहिलं आणि हुकूम सोडला, "पेडल कडक व्हई तवयच गाडी घाट चढी. नहीते सूनबाई शेअर जीपमा जाई."

"शेअर जीपमा?" जमनाबाई कडाडल्या. "कोंबड्यास्ना डालग्याजोडे बशीसन? मन्ही सून?"

शेजारच्या तुळशीबाई कुंपणावरून ऐकतच होत्या. काही लोकांचे कान कुंपणालाच उगवलेले असतात. "धडगावनी जीप लवकर भरस हो, जमनाबाई. जागा धराले सांगू का?"

शहाद्याहून बशीर मिस्त्रीला बोलावलं. ब्रेक त्यानंच बसवले होते, म्हणून दोष ब्रेकचा असणं त्याला मान्यच नव्हतं. "काकी, पाइपमा हवा अडकेल शे. हवा काढी टाकू, पेडल दगडनामायक व्हई जाई."

काम सोपं होतं. बशीर गाडीखाली आडवा झाला. छगनभाऊंचा मुलगा हेमकांत बॉनेट उघडून त्याच्याआड ऑइल ओतायला उभा राहिला. आणि त्याची बायको भाविका सीटवर, पेडलवर पाय ठेवून. बशीर "धर" म्हणाला की पेडल दाबून धरायचं. तोवर तो चाकाजवळचा बारीक नट सैल करणार, ऑइलबरोबर हवा बाहेर, नट बंद, मग "सोड". नट उघडा असताना पाय उचलला, तर निघालेली हवा माहेरवाशिणीसारखी परत घरात. जमनाबाई ओट्यावर लाडू वळत बसल्या.

"धर!"

"धरं!"

'धरं', म्हणजे धरलं, असं भाविका वरून सांगायची. एक चाक झालं, दुसरं झालं. छगनभाऊ ओसरीवरून खाकरत आले. "व्हयनं का?"

"व्हयनं, छगनभाऊ, आते व्हयनंच!" बशीर खालून ओरडला. पेडल दाबून पाहिलं. शिरा.

पुन्हा सगळी चाकं. पुन्हा छगनभाऊ, "व्हयनं का?" पुन्हा शिरा. बशीर म्हणाला ऑइल खराब. हेमकांत शहाद्याला जाऊन नवा डबा घेऊन आला. डबा संपला, छगनभाऊंच्या फेऱ्या संपल्या नाहीत. शेवटी बशीर काळ्या तोंडानं बाहेर आला. "काकी, डिस्क मोठ्या शेत, मव्हरेना पंप धाकला पडस. मोठा पंप नंदुरबारथीन मागाडना पडी. परवा इई."

"परवा? अन् उद्या काय तुन्ही पाठवर बशीसन जाऊ आम्ही?"

"खिडकीजोडेनी जागा शे बरं," कुंपण बोललं.

जमनाबाईंच्या हातातला लाडू फुटला. "आखरी डाव कर," त्या बशीरला म्हणाल्या, आणि या वेळी लाडवांकडे न बघता गाडीकडे बघत बसल्या.

"धर!"

"धरं!"

छगनभाऊ खाकरले. आणि भाविकानं पाय उचलला. ती गाडीतून खाली उतरली, ओढणी डोक्यावर घेऊन, मान खाली घालून उभी राहिली. "व्हयनं का?" विचारून छगनभाऊ गेले. ती परत वर चढली, पाय पेडलवर. गाडीखालून बशीरला दिसलं नाही, बॉनेटआडून हेमकांतला दिसलं नाही, आणि भाविकाला तर आपण उतरलो होतो हेसुद्धा आठवलं नसतं. सासरे आले की सून बसलेली राहत नाही, ही या घरची रीत. दिवसातून कितीदा उठायचं त्याचा हिशेब श्वासासारखा, कोण ठेवतो? ही शिस्त जमनाबाईंनीच लावली होती, आणि गावभर तिचं कौतुकही त्याच सांगायच्या.

त्या हात पुसत उठल्या. "सूनबाई, तू उतर."

"माय, तुमले जमी का?"

"पाय ठेवना अन् काढना नही. यान्हामा काय शाळा शिकनी पडस?"

जमनाबाई सीटवर बसल्या, जणू घोड्यावरच. "धर!" म्हणताच असं पेडल धरलं की बशीरला वाटलं गाडी खचली. आणि छगनभाऊ आलेच. "व्हयनं का? अन् तू आठे कशी?"

"तुम्ही कितलाबी डाव या. मी कोन्हासाठी उठस नही."

"ते माले लगीन व्हयनं तवयपासून माहीत शे," छगनभाऊ म्हणाले.

सगळी चाकं झाली. पेडल दगड. बशीर छाती फुगवून बाहेर आला. "देखं काकी? मी सांगेल व्हतं, हवाच शे!"

"हवाच व्हती," जमनाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "चप्पल घालीसन फिरी ऱ्हायंती."

मग छगनभाऊंना सगळं कळलं, आणि त्या संध्याकाळी ते खाकरलेसुद्धा नाहीत. जमनाबाईंनी नवा कायदा केला: गाडीत बसलेली सून कोणासाठी उतरणार नाही, सासऱ्यासाठी तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी तुळशीबाईंच्या दारापुढं हॉर्न जरा जास्तच वाजला. घाटात एका वळणावर बकऱ्या आडव्या आल्या. भाविकानं पाय ठेवला आणि गाडी जागच्या जागी थांबली. पुढं बसलेल्या छगनभाऊंनी डोळे उघडले. "कडक शे."

"मन्हा पाय लागेल शे त्याले," मागून उत्तर आलं.

धडगावच्या कार्यालयात भाविका आत गेली. जमनाबाई व्हरांड्यातल्या बाकावर लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या, छगनभाऊ शेजारी खांबाला टेकून उभे राहिले. शिपाई म्हणाला, "आजी, मोठे साहेब येत आहेत, जरा उठा."

"येवू दे. मी काय त्यास्नी वाट अडावेल शे?"

साहेब बाजूनं गेले. बऱ्याच वेळानं दार उघडलं. गळ्यात ओळखपत्र घालून भाविका बाहेर आली. सासऱ्यांना पाहताच तिचा हात ओढणीकडे गेला आणि तिथंच थांबला. कारण समोर जमनाबाई डबा बाकावर ठेवून उभ्या राहिल्या होत्या.

छगनभाऊ बघतच राहिले. "तू उठनी?"

"गुडघा आखडना व्हता," जमनाबाई म्हणाल्या, आणि सून बाकावर बसेपर्यंत उभ्याच राहिल्या.