इंजिन बंद पडते, कारणे द्या

पाकिटावर लाल अक्षरांत 'सुरक्षेसंबंधी, तातडीचे' असं छापलेलं असल्यामुळे सरांनी ते दारातच फोडलं. दारातच वाचलं आणि दारातच ते मटकन चपलांच्या स्टँडवर बसले. स्टँडचा एक पाय तेव्हापासून हलतो.

सर म्हणजे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर. सव्वीस वर्षं तोच उद्योग केल्यामुळे गल्लीतले, नात्यातले आणि पैसे मागायचे नसतील तेव्हा त्यांची लेकसुद्धा त्यांना सरच म्हणत असे. पत्र गाडीच्या कंपनीचं होतं. आपल्या गाडीच्या इंधनपंपात कारखान्यातच दोष राहून गेला आहे, त्यामुळे चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद पडू शकतं, तरी गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आणावी, पंप फुकट बदलून मिळेल, असा एकंदर मजकूर होता. इथपर्यंत सरांची काही तक्रार नव्हती. त्यांची दातखीळ बसली ती शेवटच्या ओळीला. 'इंजिन अशा प्रकारे बंद पडण्यात वाहनचालकाचा कोणताही दोष नाही, याची कृपया नोंद घ्यावी.'

नेमकी ही नोंद घेणं सरांना परवडण्यासारखं नव्हतं.

झालं होतं असं की, गाडी आली तेव्हा सरांच्या बायकोने पंचेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंगचा क्लास लावला आणि पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं. महिनाभर ती गाडीने बँकेत गेली. संध्याकाळी बोटावर किल्ली फिरवत, गुणगुणत घरात यायची. मग एकदा सरळ रस्त्यावर इंजिन बंद पडलं. मग वळणावर. मग भर उड्डाणपुलावर, तिसऱ्या गिअरमध्ये, मागे चाळीस गाड्या कोकलत असताना.

"क्लच!" सर म्हणाले होते. "क्लच एकदम सोडतेस तू. मनातली घाई पायात उतरते, दुसरं काही नाही."

त्यांनी जेवणाच्या टेबलावर दोन बशा घेऊन क्लच समजावला. पाहुणे आले की पाहुण्यांसमोर समजावला. शेवटी त्याची आकृती काढून, नावं देऊन, फ्रिजवर चुंबकाने लावली. उड्डाणपुलाच्या दिवशी बायको बाथरूममध्ये नळ सोडून रडली होती. सरांना ते ऐकू आलं होतं. त्यांनी आणखी एक, मोठी आकृती काढली. दुसऱ्या दिवसापासून बायकोने किल्ली खुंटीला लावली आणि ती बसने बँकेत जाऊ लागली. या गोष्टीला आता आठ महिने झाले होते.

पत्र हातात घेऊन हे सगळं सरांना आठवलं आणि वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आत जाऊन सांगून टाकावं, असंही वाटलं. हे वाटणं साधारण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत टिकलं. आत बायको चष्मा लावून साबणाच्या पुड्यामागचा बारीक मजकूर वाचत होती. बँकेत सह्या तपासण्याचं काम करून करून तिला ती सवयच लागली होती. छापलेलं काही दिसलं की ती शेवटपर्यंत वाचायची.

"कसलं पत्र?" तिने विचारलं.

"कंपनीचं. शुभेच्छा दिल्यात."

"कशाबद्दल?"

"अशाच. सर्वसाधारण."

"बरं," बायको म्हणाली आणि पुन्हा साबणात गढली.

सरांनी पत्र भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, घर्षणाच्या धड्यात दडवलं आणि बेत आखला. पंप गुपचूप बदलून आणायचा. मग मोठ्या मनाने बायकोला म्हणायचं, 'चल, पुन्हा सुरुवात कर, पण या वेळी आकृतीप्रमाणे.' गाडी काही बंद पडणार नाही. बायको खूश, गाडी खूश आणि आकृतीची इभ्रतही राहील. बेत इतका झकास होता की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

पहिली अडचण दहा मिनिटांत आली. गाडी बायकोच्या नावावर होती. घेतली त्या आठवड्यात सरांचं ओळखपत्र हरवलं होतं, एवढंच त्याचं कारण. सरांनी बाल्कनीत जाऊन हळू आवाजात कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मालकांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय सर, तेवढा सांगता का?"

स्वयंपाकघरात टुंग वाजलं.

"अहो," आतून आवाज आला, "मला गाडीच्या कंपनीचा ओटीपी आलाय."

"हां हां, सांग बघू."

"कोणाला?"

"कोणाला म्हणजे? मला!"

"ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"आमच्या बँकेत रोज कोणा ना कोणाचा नवरा येतोच," बायको शांतपणे म्हणाली. "आम्ही त्यांनाही हेच सांगतो. आणि तुम्ही कशाला मागवलात?"

"मी कुठे! चुकून आला असेल. हल्ली काय, कोणालाही काहीही येतं."

"सर, वेळ संपली," फोनवरची मुलगी म्हणाली. "पुन्हा पाठवू?"

"नको!" सर ओरडले. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई दचकली. सरांनी आवाज खाली आणून दुसरी काही वाट आहे का ते विचारलं. होती. मालकाच्या सहीचं संमतिपत्र चालणार होतं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट होत होती. कॉलेजात जाताना गाडी सरांच्या हातूनही बंद पडत होती. पूर्वीही पडायची, पण तेव्हा ते "तुझ्या हाताची सवय लागलीय इंजिनाला" असं बायकोला सांगून मोकळे होत. आता मात्र इंजिनाने आचका दिला की सर एकटेच "पंप!" असं म्हणत आणि वहीत तारीख, वेळ, ठिकाण आणि गिअर टिपून ठेवत. पंधरा दिवसांत सात नोंदी झाल्या. सरांनी त्यांचा आलेखच काढला. जीव मुठीत धरून गाडी चालवणाऱ्या माणसाला इतकी सुबक रेघ कशी मारता आली, हा प्रश्नच आहे.

संमतिपत्र त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यात घातलं. वर लेकीचा लायब्ररीचा फॉर्म, त्याखाली पाण्याच्या मीटरचा अर्ज, मग विम्याचा कागद आणि तळाशी ते. बायको दमून घरी आल्याआल्या त्यांनी गठ्ठा पुढे केला.

"जरा सह्या हव्या होत्या. घाईचं आहे."

बायकोने चष्मा पुसला. लायब्ररीच्या फॉर्मात तिने लेकीच्या जन्मसालाची चूक काढली. पाण्याच्या अर्जात मीटरचा नंबर ताडून पाहिला. सर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे होते. शेवटी तळचा कागद वर आला.

"हे काय?"

"सर्व्हिसिंग. नेहमीचंच."

"कारणाचा रकाना रिकामा आहे."

"नेहमीच्या गोष्टीला कसलं आलंय कारण!"

"रिकाम्या रकान्याखाली मी सही करत नाही. कारण लिहा."

सरांनी पेन घेतलं, थोडं चावलं आणि लिहिलं, 'सर्वसाधारण तपासणी'. बायकोने ते दोन शब्द वाचले. दोन शब्द वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तिने लावला. मग तिने सही केली आणि खाली तारीख घातली, वेळही घातली.

"वेळ कशाला?"

"सवय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सर लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात वर्कशॉपला पोचले. वाटेत गाडी एकदा बंद पडली, तीही नोंद त्यांनी आलेखात भरली. कानामागे पेन्सिल अडकवलेल्या फोरमनपुढे त्यांनी पत्र, संमतिपत्र आणि आलेख असं सगळं मांडलं. फोरमनने आयुष्यात बऱ्याच तक्रारी ऐकल्या होत्या, पण आलेख पहिल्यांदाच पाहत होता.

"हे सगळं पहिल्याच गिअरमध्ये कसं हो?" त्याने विचारलं.

"ते तुम्ही शोधा. दोष तुमच्या पंपाचा आहे."

"पंप पहिला गिअर, दुसरा गिअर असं बघत नाही, साहेब. तो चालत्या गाडीत दगा देतो. सरळ रस्त्याला, पुलावर, कुठेही." त्याने गाडीचा नंबर कॉम्प्युटरात घातला आणि मान तिरकी केली. "आणि या गाडीचा पंप तर बदललाय की."

"काहीतरीच काय! कधी?"

"तीन महिने होतील. मॅडम घेऊन आल्या होत्या, स्वतः चालवत. नंतर चक्कर मारायला मी बाजूला बसलो होतो ना. काय चालवतात हो! गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. तुमचं पत्र मागाहून निघालं असेल. पत्रांचं काय, ती निघतात सावकाश."

तीन महिन्यांपूर्वी सर परीक्षेच्या कामासाठी दोन दिवस परगावी गेले होते. 

"मग ही बंद का पडते?" त्यांनी विचारलं खरं, पण विचारताना आवाजात दम नव्हता.

"चला, एक चक्कर मारू. चालवा तुम्ही."

फाटकापाशी गाडीने दोन गचके दिले आणि ती बंद पडली. फोरमनने कानामागची पेन्सिल काढली, सरांचा आलेख पालथा केला आणि त्यावर दोन गोल काढले.

"राग मानू नका साहेब, पण क्लच एकदम सोडता तुम्ही. हे बघा, या दोन चकत्या असतात..."

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

"माहीत असतं सगळ्यांनाच. पायाला कुठे माहीत असतं!"

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर बायको उभी होती. खांद्याला पर्स, हातात बसचं तिकीट. गाडी वर्कशॉपमध्ये दाखल झाल्याचा मेसेज अर्थातच तिला गेला होता. फोरमनने तिला ओळखलं, अदबीने नमस्कार केला आणि आतल्या कामाला निघून गेला. सर गाडीतून उतरले.

"तुला माहीत होतं?"

"पहिला मेसेज मलाच आला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते, तुम्ही परगावाहून आलात त्याच संध्याकाळी. पण तुम्ही गाडी काढलीत, फाटकातच बंद पाडलीत आणि म्हणालात, माझ्या हाताची सवय लागलीय इंजिनाला." ती तिकिटाची घडी घालत होती. "मग म्हटलं, आपण नको बोलायला. घरी पत्र येईल, तुमच्याच हातात पडेल. तेव्हा तुम्ही सांगाल. पत्र पोचल्याचा मेसेजही आला मला. आज सोळा दिवस झाले."

ती रागाने बोलली असती तर बरं, असं सरांना वाटलं. रागावर त्यांच्याकडे काहीबाही उत्तरं होती. पण ती सोळा दिवस बसच्या खिडकीशी बसून, 'आज सांगतील, उद्या सांगतील' म्हणत वाट पाहत होती, हे त्यांना आत्ता कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. वर्गात सव्वीस वर्षांत न उच्चारलेला शब्द बाहेर यायला वेळ लागला.

"चुकलो मी."

बायकोने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "कारणाच्या रकान्यात एवढंच लिहायचं होतं," ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

येताना गाडी तिने चालवली. उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं गुरगुरत होतं. पुलाच्या उतारावर सरांचं तोंड एकदा उघडलं.

"बोला," बायको म्हणाली.

"काही नाही," सर म्हणाले आणि त्यांनी सीटबेल्ट नीट केला.

घरात शिरताना ती किल्ली बोटावर फिरवत होती. गाणंही होतं तोंडात, जुनंच. सर चप्पल काढून तडक स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजवरची मोठी आकृती काढू लागले. चुंबक निघाले, कागदाचा एक कोपरा सुटला, तेवढ्यात मागून बायकोने तो पुन्हा तळहाताने चापून बसवला.

"राहू दे की," ती म्हणाली. "तुम्हाला लागेल."