लंकाबाईच्या डोक्यावरचा टब

"आख्ख्या कर्जत तालुक्यात गच्चीवर गरम पाण्याचा टब असलेलं पहिलं घर आपलं असंल!" कल्याणने वास्तुशांतीच्या आधी जाहीर करून टाकलं.

बाहेर मे महिना. अंगणात अनवाणी उभं राहिलं तर तळपायाची भाकरी भाजून निघत होती. अशा दिवसांत माणसाला गरम पाण्यात बसावंसं का वाटावं, हे लंकाबाईला कळेना. पण लेकाची अक्कल कुठे संपते हे तिला बेचाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. तिने हातातल्या शेंगा फोडून संपवल्या आणि मग विचारलं, "कुठं ठिवनार?"

"तुझ्या खोलीच्या बरोब्बर वर!"

त्या कोपऱ्यातून रस्ता दिसायचा. म्हणजेच रस्त्यावरून तो कोपरा दिसायचा. टबात बसण्यापेक्षा टबात बसलेलं दिसण्याची कल्याणला घाई होती. त्यातही आदिनाथला, म्हणजे साडूला, दिसण्याची. त्या आदिनाथने गेल्या साली आपल्या गच्चीवर झोपाळा टांगला होता आणि तेव्हापासून कल्याणला अन्न गोड लागत नव्हतं!

लंकाबाईचं दुखणं वेगळं होतं. तिने बावीस हंगाम ऊस तोडला होता. बावीस हंगाम कोपीत, पाचटाच्या छपराखाली काढले होते. डोक्यावर स्लॅब येऊन जेमतेम चार महिने झालेले. दुपारी पडल्यापडल्या ती त्या छताकडे डोळे भरून बघायची. त्याला कुणी नख लावलेलं तिला खपणार नव्हतं.

"पानी किती मावंल?"

"दोन हजार लिटर!"

"म्हंजी दोन टन. भरल्याली बैलगाडी झाली की रं! भरल्याली गाडी माझ्या डोक्यावर ठिवतो व्हय?"

कल्याण हसला. शिक्षण बारावीला अडलेलं, पण हसू पार इंजिनियरचं! "आये, ऊस येगळा, पानी येगळं. पानी पसरतं!"

"पसरून माझ्याच खोलीवर पसरंल ना?"

निवाडा करायला भीमा गवंडी आला. स्लॅब मजबूत आहे का, हे स्लॅब घालणाऱ्यालाच विचारायचं, असा हा न्याय! भीमाने टाच आपटली, मान डोलावली. "शेठ, सिमेंटची आळी करून पंधरा दिस पानी भरून ठेवल्तं ह्याच्यावर. हालला का? ट्रॅक्टर चढवा!"

"त्ये बोटभर पानी हुतं, भीमा. ह्यो कमरंइतकं भरनार हाय."

"पानी त्ये पानीच, मावशी," भीमा म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

"इंजिनियरला तरी विचारा," कल्याणची बायको आरती म्हणाली.

"त्यो न्हाई म्हननार! मग विचारायचं कशाला?"



टब कल्याणने नागापूरच्या आपल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये स्वतः बनवला. जाडजूड पत्रा, आत चारी बाजूंनी बाकडी, तापवायला कॉइल. हायड्रा क्रेन लावून तो गच्चीवर चढवला तेव्हा आरतीने चारी बाजूंनी वाकून पाहिलं. "अहो, पाणी सोडायचं भोक कुठंय?"

"पानी सोडायचं? आपल्या भागात? मे महिन्यात? येडी का काय!"

आठ दिवसांनी एकदा नळ येणाऱ्या गावात वाढलेला माणूस! पाणी साठवायची त्याला शंभर ठिकाणं सुचली असती, सोडायचं एकही सुचलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी टँकर आला आणि त्याच्यामागे हंडे घेऊन गल्लीतल्या तीसचाळीस बायका. कल्याण गच्चीवरून ओरडला, "ओ ताई, घरगुती पानी हाय! लाइन लावू नका!" बायका लिंबाखाली बसून राहिल्या. तमाशा तर फुकट होता!

कॉइल लावायची गरजच पडली नाही. चारपर्यंत उन्हानेच पाण्याला चटका आणला. कल्याण, आदिनाथ आणि दोन मेव्हणे टबात उतरले आणि पाच मिनिटांत उकडलेल्या रताळ्यासारखे दिसायला लागले. पण आधी उठायचं कुणी? प्रश्न इज्जतीचा!

"लई भारी, कल्याणराव," आदिनाथ धापा टाकत म्हणाला.

"घाम आला का, साडूभाऊ?"

"छ्या! पानी हाय त्ये!"

खाली लंकाबाई आडवी झाली होती. वर 'कट्' असं वाजलं आणि गिलाव्याचा पापुद्रा तिच्या पदरात पडला. पंख्यापासून भिंतीपर्यंत केसाएवढी भेग! तिने दार ओढलं, तर ते चौकटीत अडकलेलं. बाहेरून आरतीने लाथ घातली तेव्हा उघडलं.

"सेंट्रिंगच्या बल्ल्या आन, मागं पडल्यात त्या!"

बैल सोडले की भरल्या गाडीला टेकू द्यावा लागतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोघींनी भेगेखाली बल्ल्या ठोकल्या. मग लंकाबाईने अंगणातून हाक दिली, "ए शान्यांनो! उतरा खाली! छत तडाकलंय!"

इज्जतीचा प्रश्न टबातच राहिला. आदिनाथ टॉवेल सावरत सगळ्यांच्या आधी अंगणात!

आता पाणी काढायचं कसं? "कटर आनतो," कल्याण म्हणाला. कटर नागापूरला! लंकाबाईने लिंबाखाली बघितलं आणि मग लेकाकडे. कल्याणला ओल्या टॉवेलवर बायकांसमोर हात जोडावे लागले.

"या की, ताई. लाइन लावा."

"पन घरगुती पानी हाय ना, शेठ?"

त्याने पहिल्या बाईच्या हातातला हंडा स्वतःच घेतला. लंकाबाईने बायकांना जिन्यावर ओळीने उभं केलं, टबापाशी फक्त दोघी. "गच्चीवर गर्दी नको गं, तुमी पन वजनच हायेत!" हंडे खाली गेले, रिकामे वर आले आणि तासाभरात टब कोरडा. गावातली गुरंसुद्धा त्या दिवशी दोनदा पाणी प्याली.

तिसऱ्या दिवशी नगरहून इंजिनियर आला. भेग बघितली, स्लॅब ठोकून ऐकला, मोबाईलवर बराच वेळ गुणाकार केले.

"साध्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "भरलेली बैलगाडी ठेवली होती तुम्ही गच्चीवर! टेकू वेळेवर लागले म्हणून बरं. ही भेग बुजवता येईल."

कल्याणने भक्तिभावाने मान डोलावली आणि आईकडे वळला. "बघ आये! शिकलेला मानूस कसा दोन मिन्टात पटवून देतो!"

लंकाबाईने छताकडे बघितलं, मग लेकाच्या डोक्याकडे. बुजवता येईल, असं इंजिनियर फक्त छताबद्दल म्हणाला होता.