सय्यद मास्तरांचा मराठी भागाकार

बीजगणितातला भागाकार मांडायचा म्हणजे सय्यद मास्तर आधी खिशातून खडूनं माखलेली दोरी काढायचे. फळ्यावर ती ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडायची, की सरळ पांढरी उभी रेघ! प्रत्येक घाताला आपला रकाना. "घाताखाली त्योच घात," ते बजावत, "नायतर सगळा घोटाळा."

छावणी भागातल्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचे. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शननंतर शाळेचं माध्यम उर्दूचं मराठी झालं. मास्तरांची उमर उर्दूत बीजगणित शिकवण्यात गेलेली. दुसरा असता तर रजेवर गेला असता. हे मधल्या सुट्टीत वही घेऊन माझ्यापुढं बसले. "बाई, शब्द द्या." भाज्य, भाजक, घातांक... एकेक शब्द ते उर्दू लिपीत टिपून घेत. 'बाकी' आली तेव्हा खुर्चीतून उठलेच. "बाकी? ही तर आमच्याच घरची!"

वर्षाच्या आत तपासनीस आले. या माणसाला मराठीत शिकवणं जमणार नाही, असं त्यांनी मनात धरलेलंच होतं. मास्तरांनी मुद्दाम अवघड गणित घेतलं: क्षचा तीन-न घात वजा एक, भागिले क्षचा न घात वजा एक.

"न म्हणजे किती?" साहेबांनी विचारलं.

"कोणताबी धन पूर्णांक धरा, साहेब. भागताना घातांकांची वजाबाकी. तीन न मधून एक न गेला, दोन न राहिले." एवढं सांगून त्यांनी खडू सुमनच्या हातात दिला. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी ती. तिनं भाज्यातल्या रिकाम्या रकान्यांत शून्यं भरली आणि पायरीपायरीनं खाली उतरली. उत्तर बरोबर, बाकी शून्य.

"मराठी तुमची मातृभाषा का हो?" साहेबांचा आवाज मऊ झाला होता.

"नाय साहेब. पोरांची हाय."

मी मागच्या बाकावर होते. माझीच मान ताठ झाली.

संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. मास्तर नमाजाला गेलेले. भाभी भाजी निवडत होत्या.

"रोज सकाळी मला समोर बसवून अख्खा धडा मराठीत सांगायचे," त्या म्हणाल्या. "चुकलो तर पोरं हसतील, ह्या धास्तीनं घास उतरायचा नाय त्यांना. मला ते घातबीत काय समजलं नाय, बाई. पण माझ्या बहिणी हैदराबादेला गेल्यापास्नं बोलायला कुणीच नव्हतं मला. आता ते ऐकून ऐकून शेजारणीसंगं मराठीत बोलायले मी."