सासूबाईंच्या पावावरचे तीन दगड

पाव कसा पुरायचा, हे मला कोणी शिकवू नये. गाडी कशी हाकायची तेही नको आणि वाऱ्याशी कसं वागायचं ते तर मुळीच नको. मी ब्यार्तमार. रेक्याविकमध्ये शहर बस चालवतो, बर्फात चालवतो, वादळात चालवतो, आणि आजवर एकही उतारू रस्त्यात सांडलेला नाही. त्यामुळे बायकोने जेव्हा विचारलं, "तुला नक्की जमेल ना?" तेव्हा मी नुसता हसलो. आता वाटतं, तेव्हा हसण्याऐवजी ऐकून घ्यायला हवं होतं.

झालं असं की सोलरूनच्या आईला, म्हणजे आमच्या आउसगेर्दुर सासूबाईंना, जूनमध्ये ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. गावच्या सभागृहात शनिवारी दुपारी कॉफीपान ठरलं. आता सासूबाईंच्या गावात कॉफीपान म्हणजे काळा पाव हवाच. तोही भट्टीतला नाही. तळ्याकाठच्या गरम वाळूत पातेलं पुरायचं, जमिनीच्या उष्णतेवर एक अख्खा दिवस शिजू द्यायचं, मग उकरून काढायचं, लोणी लावायचं, वर धुरावलेला मासा ठेवायचा आणि निदान दोन तास कोणाशी भांडायचं नाही.

पातेलं सासूबाईंच्या आईचं. पोचे पडलेलं, झाकण तारेने बांधलेलं. वीस वर्षं ते मोठ्या मुलीच्या, हिल्दिगुन्नुरच्या हातात जायचं. सोलरूनला आईने काय दिलं? बटाटे सोलायला. यंदा हिल्दिगुन्नुरचा गुडघा प्लास्टरमध्ये होता, म्हणून पातेलं यंदा सोलरूनने भरायचं, असं आईने फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर सोलरून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. आनंदाने हो! मला म्हणाली, "हा पाव नीट झाला ना, तर आई मला पुन्हा बटाटे देणार नाही." मी म्हटलं, झालाच म्हणून समज.

शिवाय आमच्याकडे नवी गाडी होती. नवी म्हणजे आम्हाला नवी. एका मासेविक्याची जुनी व्हॅन घेऊन मी हिवाळाभर तिच्यात स्वतःच्या हाताने पलंग, शेगडी आणि हात धुवायची मोरी बसवली होती. मासळीचा वास तेवढा गेला नव्हता. बेत झकास होता. शुक्रवारी गावी पोचायचं, पाव पुरायचा, रात्री लाव्हाच्या पठारावर मुक्काम करायचा, शनिवारी परत येऊन पाव काढायचा. सासूबाईंचं घर पाहुण्यांनी भरलं होतं, त्यामुळे बाहेर झोपायला सबबही पक्की होती.

शुक्रवारी सोलरूनने आईच्या स्वयंपाकघरात पीठ भिजवलं. सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. त्या बोलल्या नाहीत की घरातलं मांजरसुद्धा उठून बाहेर जातं. पातेलं भरलं, तार आवळली. तेवढ्यात सासूबाईंनी सोलरूनला पाहुण्यांच्या गाद्या घालायला लावलं, आणि पुरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. निघताना त्यांनी माझ्या हातात एक खुंटा दिला. टोकाला लाल लोकर गुंडाळलेला.

"आमच्या जागेवर पूर, मोठ्या खडकापाशी. आणि वर हा रोव. विसरू नकोस."

मी मान हलवली. पण अंगणात आलो आणि डोक्यात प्रकाश पडला. लाल लोकरीचा खुंटा म्हणजे पर्यटकांना आमंत्रणच की! हल्ली तळ्यावर रोज बस येते. एखादा हौशी माणूस उकरून बघायचा आणि पातेलं कायमचं थंड पडायचं. म्हणून मी खुंटा गुपचूप कोठीच्या भिंतीला टेकवून ठेवला. मोठा खडकही सोडला, कारण पाण्याच्या कडेला वाफ जास्त निघत होती, आणि वाफ जास्त तिथे ऊब जास्त, हे तर कोणीही सांगेल. पातेलं तिथे पुरलं आणि वर तीन दगड ठेवले. दोन काळे, त्यावर एक पांढरा. मला कळेल, दुसऱ्या कोणाला कळणार नाही. इतकं डोकं मी बसमध्ये कधी वापरलं नव्हतं.

मागे वळलो तर कॅमेरा लटकवलेली एक परदेशी बाई. काय करताय, म्हणून विचारू लागली. आता खरं सांगितलं तर ती पातेलं बघायला मागणार. मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, हा आमचा जुना रिवाज आहे. खालचा काळा दगड नवरा, वरचा काळा बायको, आणि डोक्यावर पांढरी बसलीय ती सासू. गरम वाळूवर हे तिघे रचले की सासू वर्षभर गप्प बसते.

बाई इतकी भारावली की तिने डोळे पुसले. मी शीळ घालत गाडीकडे आलो.

सोलरूनने विचारलं, खुंटा रोवलास? मी म्हटलं, अगदी चोख काम झालंय. हे काही खोटं नव्हतं. आणि आम्ही निघालो.

काय सांगू, तो प्रवास मात्र राजेशाही झाला! काळ्या वाळूचा रस्ता, दोन्हीकडे लाव्हाचे हिरव्या शेवाळाखाली झोपलेले ढीग, लांबवर डोकं कापलेला डोंगर. मी एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने सोलरूनला कोणता लाव्हा कोणत्या शतकातला ते दाखवत होतो. दोन वेळा चुकीचं शतक सांगितलं, तिने दोन्ही वेळा सोडून दिलं. संध्याकाळी ज्वालामुखीच्या पायथ्याशी गाड्यांच्या तळावर मटणाचं कालवण गरम केलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, आईने पातेलं दिलं हे अजून खरं वाटत नाही. जूनमध्ये आमच्याकडे अंधार पडत नाही, म्हणून तिचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. मला क्षणभर तो कोठीला टेकवलेला खुंटा आठवला. मी विषय बदलून माशांबद्दल बोललो.

सकाळी वारा सुटला. शेजारच्या गाडीत एक तरुण जोडपं होतं, परदेशी, अगदी नवखं. पोरगा दार धाडकन उघडून उतरला. मला राहवेना. गेलो आणि समजावू लागलो की इथे वाऱ्यात दार कसं उघडायचं. आधी वाऱ्याची दिशा बघायची, मग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, मग हळूच. नुसतं सांगून भागणार नव्हतं, म्हणून माझ्या गाडीच्या दारावर करून दाखवलं.

दार लाव्हावरून जात असताना फार सुंदर दिसत होतं.

तिघांनी मिळून ते पकडून आणलं आणि आत पलंगावर आडवं केलं. बिजागऱ्या खलास झाल्या होत्या. सोलरून काही बोलली नाही, पण तिचं बोलणं बंद झालं की मला तिच्या आईची आठवण येते. उपकाराची फेड म्हणून मी त्या जोडप्याला कॉफी पाजली. पोरीने कौतुकाने फोनवरचे फोटो दाखवले. धबधबा. मेंढी. आणखी एक मेंढी. मग तळं, आणि तळ्याच्या काठावर दोन काळे नि एक पांढरा दगड. पुढच्या फोटोत तसलेच वीस. त्याच्या पुढच्या फोटोत वाळू दिसतच नव्हती.

ती म्हणाली, कालच्या बसमधल्या सगळ्यांनी रचले. तिनेही रचले. तिच्या होणाऱ्या सासूसाठी. इथला फार जुना रिवाज आहे म्हणे.

"कसला रिवाज?" सोलरूनने विचारलं.

पोरीने सविस्तर सांगितलं. नवरा, बायको, डोक्यावर बसलेली सासू. सोलरून ऐकत होती आणि बघत माझ्याकडे होती. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोला असल्या गोष्टींचा बाप कोण ते विचारावं लागत नाही.

"खुंटा कुठे आहे, ब्यार्तमार?"

"सुरक्षित आहे," मी म्हणालो. "कोठीपाशी."

परतीच्या वाटेवर आम्ही काळ्या वाळूच्या मैदानातून बिनदाराची गाडी चालवली. ज्यांनी हे केलं नसेल त्यांनी करू नये. अर्धं मैदान गाडीत आलं. मी धीर द्यायला म्हणालो की दगड काय, मी माझे दगड ओळखीन, माझी नजर आहे. सोलरूनने वाळू थुंकली आणि एवढंच म्हणाली, "वीस वर्षांनी मला पातेलं मिळालं होतं रे."

तळ्यावर पोचलो. मित्रांनो, मी माझे दगड ओळखले नाहीत. नवरा, बायको, सासू, नवरा, बायको, सासू, पार पाण्यापर्यंत! जगभरातल्या सासवांचं संमेलन भरलं होतं. त्यात वाफ इतकी की चष्म्यावर नुसतं धुकं. कॉफीपानाला पाहुणे जमायला लागले असणार. मी अंगातलं जाकीट काढलं, वाफेत हाताला काहीतरी उभं लागलं त्यावर अडकवलं, आणि फावडं घेऊन खणायला लागलो. सोलरून हातांनीच उकरत होती. एक ढीग पाडला, खाली गरम वाळू. दुसरा पाडला, गरम वाळू. गुडघ्यापर्यंत खड्डे झाले आणि हाताला फक्त फोड आले.

इतक्यात आजची बस आली. उतारू उतरले आणि अवाक होऊन बघत राहिले. एक जाड भिंगांच्या बाई तरातरा पुढे आल्या आणि मला झापायलाच लागल्या. म्हणाल्या, तुम्हाला लाज नाही वाटत? दुसऱ्यांच्या देशात येऊन त्यांचे रीतिरिवाज तुडवता? मी म्हटलं, बाई, मी इथलाच आहे. त्यांनी माझ्या वाळूने काळ्या झालेल्या तोंडाकडे बघितलं आणि विश्वास ठेवला नाही. माझ्यामागे मी पाडलेले ढीग लोक परत रचू लागले. मी पाडतोय, ते रचताहेत. असं किती वेळ चाललं कोण जाणे.

आणि मग गर्दी दुभंगली. काठी टेकत सासूबाई आल्या. सणाचा काळा पोशाख, टोपीचा गोंडा खांद्यावर, कमरेला चांदीचा पट्टा. भिंगवाल्या बाईंनी त्यांना बघून हात जोडायचेच बाकी ठेवले. अस्सल इथली म्हातारी! त्यांनी मोठ्या आदराने विचारलं की आजी, या रिवाजाबद्दल सांगा ना. आजी म्हणाल्या, आधी तुम्हीच सांगा, मला ऐकू दे. बाईंनी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, अशी माझी आजवर समजूत होती.

सासूबाईंनी सगळ्या काठावरून नजर फिरवली. "एकट्या माझं तोंड बंद करायला," त्या म्हणाल्या, "एवढे दगड?"

मी फावडं मागे लपवलं. सोलरून वाळूत बसली होती. तिच्या काळ्या गालांवर दोन पांढरे ओघळ होते. ती म्हणाली, "आई, तुझ्या आईचं पातेलं हरवलं. मला दिलंस, आणि हरवलं. पुढच्या वर्षी बटाटेच दे."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जाकीट काढ."

"काढलंय, सासूबाई. तिथे अडकवलंय."

"तेच म्हणते. ते काढ."

मी चष्मा पुसला, गेलो, जाकीट उचललं. खाली खुंटा. टोकाला लाल लोकर. बाजूला मोठा खडक.

सासूबाई रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुर्बिणीने बदकं बघतात. काल त्यांनी बदकांऐवजी जावई बघितला. आम्ही निघाल्यावर कोठीपाशी खुंटा सापडला, तशा फावडं घेऊन आल्या आणि ऐंशीव्या वर्षी पातेलं उकरून आपल्या जागी पुरलं. "पाण्याच्या कडेला पुरतोस?" त्या म्हणाल्या. "पाव भाजायचा होता की त्याला आंघोळ घालायची होती?"

त्यांनी माझ्याकडून फावडं घेतलं, पण स्वतः खणलं नाही. सोलरूनच्या हातात दिलं. सोलरूनने उकरलं, तार सोडली, झाकण उचललं, पातेलं उपडं केलं. तो वास मी शब्दांत सांगू शकत नाही. पाव काळाभोर, चकचकीत, सरळ उभा राहिला. सासूबाईंनी कडेचा तुकडा तोडला, चावला, बराच वेळ चावला. मी बसच्या पहिल्या परीक्षेला इतका घाबरलो नव्हतो.

"पीठ माझ्यापेक्षा बरं भिजवतेस," त्या म्हणाल्या. "पातेलं घरी घेऊन जा. आता ते तुझं."

सोलरून आईच्या गळ्यात पडली आणि सणाच्या पोशाखावर काळी वाळू लागली, तरी सासूबाई काही बोलल्या नाहीत. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंगवाल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, बघा, दगडांचा गुण आला, सासू गप्प झाली.

सभागृहात पाव पुरला नाही इतका खपला. हिल्दिगुन्नुरने प्लास्टर पुढे करून तीन वेळा मागून घेतला. शेवटी मी सासूबाईंजवळ गेलो आणि जरा ऐटीत म्हणालो, काही असो, जाकीट मी बरोबर जागीच अडकवलं की नाही? कुठेतरी मला ती जागा आतून माहीत होती. सासूबाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि सोलरूनला सांगितलं, "पुढच्या वर्षी खुंटा नको. तिथे यालाच उभा कर."

मला वाटलं, गंमत करताहेत.

सासूबाई आज एक्क्याऐंशीच्या झाल्या. पाव मोठ्या खडकापाशी पुरलाय, सोलरून सभागृहात टेबलं मांडतेय, बटाटे हिल्दिगुन्नुर सोलतेय, आणि मी कालपासून इथे तळ्याकाठी उभा आहे, गळ्यात लाल लोकरीचा मफलर बांधून. काम मी उत्तम करतोय, हे कोणीही कबूल करेल. फक्त मघाशी बसमधून एक जोडपं उतरलं, माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत राहिलं, आणि कसलासा नवस बोलून माझ्या पायाशी तीन दगड रचून गेलं.