ॲल्वाने हात केला

लोकरीचा शर्ट उकळत्या पाण्यात घालू नये, हे ॲल्वा डिंगमनला कुणी सांगितलं नव्हतं. एरवी त्याने शर्ट धुतलाही नसता; पण आज त्याची बायको येणार होती. एप्रिलपासून लिओटा इंडियानात आजारी आईपाशी, आणि तो ओहायोत, मिसेस स्ट्राउडच्या खाणावळीत. त्याला बेसबॉलचा चेंडू टाकताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आज १९०९च्या हंगामाचा शेवटचा सामना. समोरच्यांना एकही धाव न देता जिंकायचं म्हणजे शटआउट. आणि लीगमध्ये सर्वांत जास्त शटआउट ॲल्वाचे आणि नदीपलीकडच्या संघातल्या ग्रोव्हरचे, अगदी बरोबरीने. ग्रोव्हरचा हंगाम संपला होता. आज साधलं की ॲल्वा एकटाच वर.

शर्ट बाहेर निघाला तो बाहुलीच्या मापाचा.

“हे काय शिजवलंत?” मिसेस स्ट्राउडने डोकावून विचारलं.

“शर्ट.”

“मग मीठ राहिलं घालायचं.”

तशाच घाबऱ्या हाताने तो मिशी कातरायला बसला. डावी आखूड झाली म्हणून उजवी कापली, उजवी जास्त गेली म्हणून पुन्हा डावी. शेवटी ओठावर काही उरलंच नाही.

मैदानावर जादा शर्ट एकच होता, अगडबंब कॅचर हॉबचा. तो घालून, टोपी डोळ्यांवर ओढून ॲल्वा आला तसा हॉब ओरडला, “अरे, तंबू चालत आला! आत कोण राहतं रे?”

तंबूने मात्र कमाल केली. आठ डाव समोरच्यांना भोपळा. दर चेंडूआधी ॲल्वा मुख्य दरवाजाकडे बघे. लिओटा काही दिसेना.

नववा डाव. दोन गडी बाद, एक धावपटू तिसऱ्या बेसवर. ॲल्वाने चेंडू टाकायला हात मागे नेला, आणि दरवाजात पिवळी हॅट दिसली. लिओटाचीच! हात मध्येच थांबला, वर गेला आणि हलू लागला.

“नियमभंग!” पंच गरजला. “सुरू केलेला चेंडू अर्ध्यावर सोडला! धावपटू घरी!”

एक धाव. शटआउट गेला.

“आणि माझ्या बायकोला हात कशाला करतोस रे?” पंचाने वर विचारलं.

पुढचा गडी बाद झाला, सामनाही जिंकला. पण ॲल्वा मातीत बसकण मारून राहिला. तेवढ्यात लांबच्या बाकांवरून स्कर्ट सावरत एक बाई धावत आली.

“ॲल्वा? तूच ना? मिशी कुठंय तुझी?”

“लिओटा! तू कधी आलीस?”

“पहिल्या डावाआधीच. तू त्या बाईला हात केलास ना, तेव्हा ओळखलं. स्टेशनवर मला असाच करतोस, वेड्यासारखा.”

“म्हणजे आठ डाव तू मला पाहिलंच नाहीस?”

“नाही रे,” डोळे पुसत ती म्हणाली, “मी सारखी दरवाजाकडे बघत होते. तू येशील म्हणून.”